चांदीच्या कणाला फुटलेले कोपरे

चाकणच्या एका कंपनीत मी काचेची भांडी धुते. आधी तिथेच फरशी पुसायची. मग प्रयोगशाळेतल्या मॅडमनी मला सिंकवर मागून घेतलं, कारण मी बोलत नाही. ठेकेदाराच्या सुपरवायझरला त्या माझ्यासमोरच म्हणाल्या, "या मावशी द्या मला. या बोलत नाहीत." जसं काही बोलणाऱ्या बाईच्या हातून काच जास्त फुटते.

मला ते काम आवडलं हे मात्र खरं. सिंकवर उभं राहिलं की तोंड भिंतीकडे असतं आणि पाठ सगळ्यांकडे. पाठीमागे माणसं मोकळेपणाने बोलतात. भांडी घासणाऱ्या बाईला कान असतात हे शिकलेल्या माणसांच्या लक्षात राहत नाही.

धुण्याची एक रीत आहे. आधी साबणाचं पाणी. मग नळाच्या पाण्याने तीनदा. मग मॅडम ॲसिडमध्ये बुडवून देतात. मग यंत्रातून निघालेल्या शुद्ध पाण्याने पुन्हा तीनदा. भांडं उलटं धरलं की पाणी काचेवरून एका पडद्यासारखं सरळ उतरलं पाहिजे. कुठे एक थेंब अडला तरी तिथे घाण आहे असं समजायचं आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. ही शेवटची खूण मला मॅडमनी शिकवली आणि नंतर त्या स्वतः विसरल्या. आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख, ज्यांना सगळे सर म्हणतात, ते चंबू खिशातल्या रुमालाने पुसून उजेडात धरतात आणि म्हणतात, "क्लीन." त्याच रुमालाने ते नाकही पुसतात. मी तो चंबू मुकाट्याने परत धुते.

तिथे चांदीची शाई करतात, गाडीच्या सुट्या भागांवर बारीक रेषा छापायची. त्यासाठी चांदी इतकी बारीक करायची की डोळ्याला दिसत नाही, भिंगालाही दिसत नाही. ती दळून होत नाही. चांदीचं औषध पाण्यात थेंब थेंब सोडायचं, खाली गरम, आत एक पांढरी गोळी आपोआप गरगर फिरत असते, आणि तासाभरात पाणी हळदीसारखं पिवळं होतं. पिवळं झालं म्हणजे कण तयार झाले आणि ते गोल आहेत. गोल कणांची शाई सरळ छापते, असं सर प्रत्येक पाहुण्याला सांगतात. पाहुणे मान हलवतात. "मला कळलं नाही" असं म्हणणारा पाहुणा मी अजून पाहिलेला नाही. एकाने तर पिवळं पाणी बघून "वा, गोल आहेत" असं म्हटलं होतं. त्याला ते दिसले म्हणे.

मागच्या वर्षी सरांच्या डोक्यात परदेश शिरला. तिकडे जमिनीखाली एक लांबलचक बोगदा आहे, तिथे एक्स-रेचा लेसर आहे, आणि त्याने एकेका कणाचं चित्र काढतात. तिथल्या लोकांनी आमच्या चांदीची पाच बाटल्यांची वानगी मागवली. त्या दिवसापासून सरांची चाल बदलली. आधी ते नुसते यायचे, आता त्यांचं आगमन होऊ लागलं.

बाटल्या मला धुवायच्या होत्या, म्हणून मॅडमनी मला नीट समजावलं. त्यांना समजावता येतं, हा गुण त्यांच्यात आहे. त्या म्हणाल्या, "मावशी, तिकडे हे पाणी फवारतात. हवा काढून घेतलेल्या खोलीत कण एकामागून एक उडत येतात. आणि समोरून एक्स-रेचा झटका बसतो."

"मग?" मी विचारलं. मी विचारते तेव्हा एवढंच विचारते.

"मग कणाच्या चिंधड्या होतात. पण चिंधड्या व्हायच्या आधीच त्याच्यावरून विखुरलेला प्रकाश पलीकडे पोचलेला असतो. त्या प्रकाशाचं चित्र उमटतं. कणाचं नाही, प्रकाशाचं. कण गोल असेल तर कड्यांत कडी, पाण्यात खडा टाकल्यासारखी. कणाला सपाट बाजू आणि कोपरे असतील तर बाजूंना लांब रेघा फुटतात, चांदणीसारख्या. त्यावरून आकार काढायचा."

"एका कणाचा एकच फोटो?"

"एकच. दुसरा काढायला कण उरतच नाही. म्हणून बाटली स्वच्छ हवी. धूळ गेली तर धुळीचा फोटो निघेल."

मी त्या पाच बाटल्या जशा धुतल्या तसं माझ्या लेकीलाही बाळंतपणात न्हाऊ घातलं नाही.

पाचवी बाटली खंडेनवमीच्या दिवशी भरायची होती. सरांना दसऱ्याची सुट्टी लागण्याच्या आत कुरिअर पाठवायचं होतं. आमच्या या पट्ट्यात खंडेनवमीला प्रत्येक कंपनीत यंत्रांची पूजा होते. लेथला झेंडूचा हार, प्रेसला हळद-कुंकू, गाडीच्या चाकाखाली लिंबू. प्रयोगशाळेत आधीचे साहेब फक्त दाराला तोरण बांधायचे. सरांना ते कमी वाटलं. गुरुजी बोलवायचे नाहीत, पण पूजा मात्र स्वतःच्या हाताने आणि फोटो काढून करायची, असं त्यांनी ठरवलं. कुर्ता घालून आले. कुर्त्याला घडी तशीच होती, दुकानातली.

चंबू त्या वेळी धूर ओढून घेणाऱ्या काचेच्या कपाटात तापत होता. गोळी फिरत होती. पाणी नुकतंच पिवळट व्हायला लागलं होतं. कपाटाचं दार खाली ओढून ठेवायचं असतं. सरांनी ते वर सरकवलं, कारण आतल्या यंत्रालाही कुंकू लावायचं होतं. मॅडमनी "सर..." एवढं म्हटलं. सर म्हणाले, "अगं, पॉझिटिव्ह राहा." मग त्यांनी प्रयोगशाळेच्या दारातच नारळ फोडला, पाणी वाटीत धरलं, त्यात झेंडूचं फूल बुडवलं आणि चारी दिशांना शिंपडत फिरले. सुपरवायझर फोन उंच धरून फोटो काढत होता. "सर, जरा इकडं बघा. हसा सर. परत एकदा शिंपडा." सरांनी परत एकदा शिंपडलं. कपाटासमोर.

थेंब चंबूत पडलेले मी पाहिले. मॅडमनीही पाहिले. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि दोघी गप्प बसलो. मी गप्प बसले कारण मी तशीच आहे, चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझ्या घशात कापूस भरतो. मॅडम एवढ्या शिकलेल्या, त्यांच्या घशात काय भरलं होतं ते त्यांचं त्यांना ठाऊक. तासाभराने पाणी पिवळं झालं नाही. गढूळ हिरवट झालं, शेवाळ धरलेल्या हौदासारखं. मॅडमनी ते बराच वेळ उजेडात धरलं. मग बाटलीत भरलं, चिठ्ठी चिकटवली, तारीख घातली आणि कुरिअरवाल्याकडे दिली.

सगळ्यांना पेढा मिळाला. मलाही मिळाला.

चित्रं आली ती उन्हाळ्यात. सरांनी ती भिंतीवर मोठी करून लावली आणि मला आत बोलावलं. मी दारात उभी राहिले. चार बाटल्यांच्या चित्रांत कड्यांत कडी होती, अगदी मॅडम म्हणाल्या होत्या तशी. पाचव्या बाटलीच्या चित्रांत कड्या नव्हत्या. मधून निघालेल्या लांब रेघा होत्या, फुलीसारख्या. त्या बाटलीतले कण गोल नव्हते. त्यांना कोपरे होते. चौकोनी, लुडोच्या फाशासारखे.

सरांनी माझ्याकडे न बघता सांगायला सुरुवात केली. "कंटॅमिनेशन आहे. क्षार. नळाला बोअरचं पाणी येतं, त्यात क्षार असतात. मावशी, तुम्ही शेवटचं धुणं बोअरच्या पाण्याने केलंत. खरं सांगा, कंटाळा आला होता ना? सण होता, घरी जायची घाई असणार."

मी त्या चित्राखालच्या चिठ्ठीवरची तारीख वाचली. खंडेनवमीची होती. मी मॅडमकडे बघितलं. मॅडम भिंतीकडे बघत होत्या, जसं ते चित्र त्या पहिल्यांदाच बघत होत्या. चांगल्या घरातली, सांगवीत स्वतःचा फ्लॅट असलेली बाई, आणि तिला एक वाक्य बोलवेना. माझी गोष्ट वेगळी. मला कुणी बोलायला पगार देत नाही.

बाहेर आल्यावर सुपरवायझरने सांगितलं, "मावशी, मनाला लावून घेऊ नका. पण सर म्हणतात बदली करा. एक तारखेपासून तुम्हाला शेजारच्या गिअरच्या कंपनीत टाकतो. तिथं बाथरूमचं काम आहे. लेडीज फक्त, जेंट्स नाही. तेवढं बघितलंय मी."

त्याने ते माझ्यावर उपकार केल्यासारखं सांगितलं. त्याला बाथरूम आणि प्रयोगशाळा यांतला फरक लेडीज आणि जेंट्सचाच वाटतो. बाथरूम धुवायची मला लाज नाही, मी आयुष्यभर धुतली आहेत. पण सिंकवरून मला काढणार ते मी नीट धुतलं नाही म्हणून, हे घेऊन मी कुठे जाणार होते? त्या एका कामात मी कुणापेक्षाही कमी नव्हते. तेवढंच माझ्याकडे होतं.

घरी चिखलीला येऊन नवऱ्याला सांगितलं. ते एका शेडमध्ये प्रेसवर आहेत. त्यांनी सगळं ऐकलं आणि पहिलं वाक्य बोलले ते असं, "कपाट चालू होतं आणि पूजा केली?"

"हो."

"बंद न करता?"

"हो ना."

"अगं, आमच्या शेडमध्ये आधी मेन स्विच पाडतात, मग यंत्र पुसतात, मग हळद लावतात. चालू यंत्राला कोण हात लावतं? एवढे शिकलेले ना ते?" त्यांना हसूच आवरेना. मग जेवताना ते गंभीर झाले आणि म्हणाले, "पण तू काही बोलू नकोस. मोठ्या माणसांच्या मधे पडलं की आपलाच पाय मोडतो." असं हे माझ्या घरातलं धैर्य. पंचवीस वर्षं मी त्या धैर्याबरोबर संसार करते आहे.

दुसऱ्या दिवशी मॅडम सिंकपाशी आल्या. हळूच म्हणाल्या, "मावशी, मला माहीत आहे ते तुमचं धुणं नव्हतं. नारळाच्या पाण्यात मीठ असतं, थोडंसं. तेवढं पुरतं. मिठामुळे कण वाढताना कोपरे धरतात."

मी म्हटलं, "मग सरांना सांगा."

"योग्य वेळ बघून सांगते."

मी चंबू घासत राहिले. योग्य वेळ म्हणजे मी बाथरूममध्ये गेल्यावरची वेळ. एवढं मला कळत होतं.

पण सरांना स्वतःचं म्हणणं सिद्ध करायची हौस होती. दोन दिवसांनी त्यांनी मला बोलावलं. "मावशी, आज आमच्यासमोर धुवा. कसं धुता ते बघू दे." सर, मॅडम आणि सुपरवायझर तिघं माझ्या मागे उभे राहिले. माझी पाठ भाजत होती. पण हातांना रीत पाठ होती. साबण. नळ तीनदा. ॲसिड. शुद्ध पाणी तीनदा. चंबू उलटा धरला. पाणी पडद्यासारखं उतरलं.

सुपरवायझर म्हणाला, "मस्त धुतलं राव मावशींनी." सरांनी त्याच्याकडे बघितलं तसा तो दोन पावलं मागे सरकला.

मॅडमनी त्याच चंबूत चांदी तयार केली. तासाभराने पाणी हळदीसारखं पिवळं झालं. एवढं सुंदर पिवळं मी कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं.

सर समाधानाने म्हणाले, "बघितलंत? नीट धुतलं की नीट येतं. म्हणजे त्या दिवशी नीट धुतलं नव्हतं. पॉइंट प्रूव्ह्ड."

मी मॅडमकडे बघितलं. त्या पिवळ्या पाण्याकडे बघत होत्या. योग्य वेळ आली होती आणि जात होती.

मग मीच बोलले. आवाज माझ्या ओळखीचा वाटला नाही. "सर, त्या दिवशी नारळ पण फोडला होता. आज पण फोडा."

"काय?"

"नारळ. त्या दिवशीसारखंच करून बघा सगळं."

सर हसले. "मावशी, इथे सायन्स चाललंय. कसला नारळ? कधी फोडला?"

आणि इथे सुपरवायझर माझ्या मदतीला धावून आला, त्याला स्वतःलाही न कळता. त्याने खुशीत फोन काढला. "असं काय सर, खंडेनवमीला! फोटो आहे की ग्रुपवर. तुमचा फोटो तर एक नंबर आलाय. हा बघा, हा शिंपडतानाचा. थेंब पण दिसतायत सर, क्लिअर. नवीन फोन आहे ना माझा."

त्याने फोटो मोठा केला. सर कुर्त्यात हसत होते. मागे कपाटाचं दार वर होतं, खाली चंबू उघडा होता, आणि हवेत थेंब होते. इतका नीट फोटो त्या बोगद्यातही निघाला नसता. सातासमुद्रापलीकडे जाऊन ज्याचा शोध लावला ते सगळ्यांच्या खिशात सहा महिने पडून होतं. सरांनी तर तोच फोटो फ्रेम करून केबिनमध्ये लावला होता.

मग मॅडम एकदम म्हणाल्या, "सर, करून बघायला हरकत नाही. कंट्रोल म्हणून." माझं वाक्य इंग्रजीत गेलं की त्याला वजन येतं.

सुपरवायझर नाक्यावरून नारळ घेऊन आला. मी दुसरा चंबू तसाच धुतला, तिघांसमोर. चांदी पिवळट व्हायला लागल्यावर मॅडमनी नारळाच्या पाण्याचे चार थेंब आत सोडले. आम्ही चौघं उभे राहिलो. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. फक्त गोळी फिरत होती. पाणी हिरवट झालं, मग गढूळ. तोच रंग. शेवाळ धरलेला हौद.

सुपरवायझर उरलेलं खोबरं खात होता. म्हणाला, "आयला, देवाचं पाणी पण चालत नाही का इथं?"

सर चंबूकडे बघत म्हणाले, "इंटरेस्टिंग." एवढंच. मग हात धुऊन केबिनमध्ये गेले.

मला वाटलं होतं निदान कुणी म्हणेल, मावशी, चूक झाली. कुणी माझी माफी मागावी असं मी म्हणत नव्हते, पण एक वाक्य माणसाच्या तोंडून पडायला काय लागतं? पडलं नाही. उलट चारच दिवसांत मी सिंकवर उभी असताना सर मागे फोनवर त्या बोगद्याकडच्या कुणा मराठी माणसाशी बोलत होते. मराठी-इंग्रजी मिसळून, पण मला कळत होतं. आमच्याकडे चौकोनी कण करायचीही पद्धत आहे, नैसर्गिक घटक वापरून, आम्हीच शोधली, पाचवी बाटली मुद्दाम तशी पाठवली होती, तुमचं यंत्र ओळखतं का ते बघायला. पलीकडचा माणूस बहुतेक वा वा करत होता. मॅडम शेजारी उभ्या राहून मान हलवत होत्या. त्या शोधावर आता त्यांचंही नाव येणार आहे.

एक तारीख जवळ आली. मी राहणार की जाणार हे मला कुणी सांगत नव्हतं. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सुपरवायझर एक कागद घेऊन सिंकपाशी आला. कागद मराठीत टाइप केलेला होता.

"मावशी, सही करा. मग बदली कॅन्सल. तुम्ही इथंच."

मी हात पुसले आणि कागद वाचायला घेतला. तो म्हणाला, "अहो, वाचायचं काय त्यात, नेहमीचंच आहे." मी वाचत राहिले. मला वेळ लागतो. तो या पायावरून त्या पायावर होत उभा राहिला.

तीन ओळी होत्या. पहिली अशी की प्रयोगशाळेत पूजा असेल तेव्हा काचेची भांडी झाकून ठेवण्याची जबाबदारी माझी राहील. दुसरी अशी की मागील खंडेनवमीस भांडी झाकण्याचे माझ्याकडून राहून गेले. तिसरी अशी की यापुढे असे होणार नाही.

मी ते दोनदा वाचलं. शिंपडलं सरांनी, भरून पाठवलं मॅडमनी, फोटो काढला याने, आणि राहून गेलं माझ्याकडून. ज्याने कुणी हे टाइप केलं त्याला क्षणभरही अडखळावंसं वाटलं नसेल.

मी त्याचं पेन घेतलं आणि दुसरी ओळ खोडली. एका रेघेने नाही, गिरवून गिरवून, अक्षर दिसणार नाही इतपत.

"अहो मावशी! हे काय केलंत? टाइप केलेलं आहे ते!"

"खरं नाही ते खोडलं."

"तुम्हाला वाचता येतं?"

"चौथीपर्यंत शाळेत गेलेय मी."

"सर ओरडतील ना मला."

"वाचतील तर ओरडतील."

पहिली ओळ मी ठेवली. झाकायचं काम माझ्याकडे असलेलंच बरं, दुसऱ्या कुणाचा भरवसा नाही. तिसऱ्या ओळीवर मी थोडी थांबले. दुसरी गेल्यावर ती अधांतरी झाली होती, काय होणार नाही आणि कुणाकडून, ते कळत नव्हतं. पण तीही राहू दिली. ती सरांना लागू पडत होती. मग खाली सही केली, पूर्ण नाव, आडनावासकट.

सुपरवायझरने इकडे तिकडे बघितलं, कागदाची घडी घातली आणि गेला.

सोमवारी मी सिंकवर होते. कागद फायलीत लागला असं ऐकलं. अजून कुणी ओरडायला आलेलं नाही.